रिपोर्टाच्या तळाशी

वाचकांचे प्रश्न : भाद्रपद

नारळी पौर्णिमा उलटली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ताप कमी होतो आणि कावीळ वाढते. या खेपेला अकरा पत्रं आली, त्यांतली सात काविळीची. बहुतेकांनी रिपोर्टाचा फोटो जोडलाय आणि शेवटच्या दोन-तीन ओळींभोवती पेनाने गोल केलाय. हल्ली सीबीसीचं, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायचं, मशीन स्वतःहून काही भागाकार करून छापतं : न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींच्या जाती; या भागाकाराला एनएलआर म्हणतात), प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट वगैरे. त्यावरून लिव्हर किती बिघडलंय ते कळतं असं लोकांच्या वाचनात आलंय. वाचलेलं सगळंच खोटं नाही, तिथेच खरी पंचाईत आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी औषध देणारी डॉक्टर नाही, काच बघणारी आहे. सदतीस वर्षं सिंधुदुर्गात रक्त तपासतेय, अजूनही आठवड्यातून दोन सकाळी मायक्रोस्कोपवर बसते. खालच्या पत्रांतली गावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आकडे मात्र आहेत तसेच ठेवलेत.

प्रश्न : माझं वय ३८. बोटीवर असतो, इंजिन रूमला. नव्या करारावर जाण्याआधीच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची तपासणी, पॉझिटिव्ह आलं. त्रास काहीच नाही, भूक चांगली आहे. प्लेटलेट १.०५ लाख, लिव्हरच्या तपासणीत एसजीओटी ५२, एसजीपीटी ४९. लिव्हरमधले चट्टे मोजायच्या सूत्रांत आकडे घालून बघितले तर एप्री १.२४ आणि फिब-फोर २.६९ येतं. एप्री १ च्या वर गेलं की सिरॉसिस, म्हणजे लिव्हर चट्ट्यांनी कडक झालं, असं वाचलं. पण एनएलआर २.१ आहे, म्हणजे नॉर्मल. मग कुणाचं खरं धरायचं? घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.
(एक वाचक, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : बायकोला आज सांगा. गुणोत्तरं नंतर बघू.

हिपॅटायटिस बी रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. त्यांची तपासणी करून घ्या. लागण नसेल आणि संरक्षणही नसेल तर लशीचे तीन डोस द्यायचे : आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. एका ताटात जेवल्याने, एका तांब्यातलं पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, त्यामुळे भांडी वेगळी काढू नका. दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश मात्र वेगळा ठेवा. आई आणि सख्खी भावंडं असतील तर त्यांचीही तपासणी करा. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांच्या अंगातून हा विषाणू आपोआप निघून जातो. जन्मावेळी आईकडून आला तर नव्वदांच्या अंगात तो राहतो. तुमच्या अंगात तो राहिलाय, तेव्हा तुम्हाला तो बोटीवर नाही, बाळपणीच मिळाला असण्याची शक्यता जास्त. तुमच्या वयाच्या माणसाला जन्मतःची लस मिळालेली नसणार. देशभरातल्या सगळ्या बाळांसाठी ती २०११ पासून आहे.

आता आकड्यांकडे येते. एप्री हे गुणोत्तर २००३ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मांडलं, तेही हिपॅटायटिस सी च्या रोग्यांसाठी. लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढायचा टळावा, हा त्यांचा हेतू. हिशेब सोपा आहे. तुमचं एसजीओटी लॅबच्या वरच्या मर्यादेच्या किती पट आहे ते काढा, शंभरने गुणा, प्लेटलेटच्या हजारांनी भागा. तुमचं ५२ भागिले ४० म्हणजे १.३, गुणिले १००, भागिले १०५. येतं १.२४. फिब-फोर २००६ चं. त्यात वय आणि एसजीपीटीही धरतात. १.४५ च्या खाली असेल तर जखम फारशी नाही, ३.२५ च्या वर असेल तर बरीच आहे, मधलं सगळं अधांतरी. तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे, मी ताडून बघितला.

एसजीओटी वर का जातं ते समजायला सोपं आहे. लिव्हरच्या पेशी फुटल्या की आतला माल रक्तात सांडतो. प्लेटलेट का उतरतात, हे लोकांना सहसा माहीत नसतं. सततच्या सुजेने लिव्हरमध्ये चट्टे पडतात, ते कडक होतं, आतड्याकडून येणारं रक्त त्यातून सहज पुढे जात नाही. ते मागे तुंबतं आणि पानथरी फुगते. फुगलेल्या पानथरीत प्लेटलेट अडकून राहतात. शिवाय प्लेटलेट बनवायचा हुकूम देणारं थ्रॉम्बोपोएटिन हे द्रव्य मुख्यतः लिव्हरच बनवतं. लिव्हर थकलं की हुकूमही क्षीण होतो. म्हणून, पोटाला हात न लावता, नुसत्या सीबीसीवरून लिव्हरचा अंदाज घेता येतो. ही युक्ती मला फार आवडते. अर्थात प्लेटलेटचा आकडा खरा असेल तरच.

तुमच्या रिपोर्टाच्या फोटोत तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरांत मशीनने छापलंय : ‘प्लेटलेट क्लम्प्स?’ प्रश्नचिन्हासकट. हे ना तुम्ही वाचलंत, ना रिपोर्टावर सही करणाऱ्याने. जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही माणसांच्या प्लेटलेट त्याच ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे पुंजके होतात. मशीनला पुंजका एक मोठी पेशी वाटते, कधी तर तो पांढऱ्या पेशींत मोजला जातो. प्लेटलेट अंगात भरपूर असतात, नळीत हरवतात. सकाळी घेतलेली नळी दुपारच्या एस.टी.ने लॅबला पोचत असेल तर हे पुंजके आणखी वाढतात.

म्हणून तुम्हाला बोलावून घेतलं. निळ्या टोपीच्या नळीत, म्हणजे सायट्रेटवर, रक्त घेतलं आणि काच बघितली. मशीनचा आकडा आला १.९१ लाख. त्या नळीत पातळ द्रव आधीच जास्त असतो म्हणून १.१ ने गुणायचं : २.१० लाख. आता पुन्हा मांडू या. एप्री ०.६२. फिब-फोर १.३४. तुम्ही खुर्चीतून उठलात ते हात जोडूनच, पण मी तुम्हाला पुन्हा बसवलं, आठवत असेल.

कारण ०.६२ ही सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मार्गदर्शिका हिपॅटायटिस बी मध्ये एप्री २ च्या वर गेलं तर सिरॉसिस धरायला सांगत होती. २०२४ मध्ये त्यांनी रेषा खाली आणल्या. ०.५ च्या वर असेल तर दखल घेण्याजोगे चट्टे आहेत असं धरा, १ च्या वर असेल तर सिरॉसिस धरा. जुन्या रेषेवर थांबलं की उपचाराची गरज असलेली पुष्कळ माणसं निसटत होती. तेव्हा तुम्ही सिरॉसिसच्या खात्यातून बाहेर आलात, पण औषधाचा विचार करायच्या खात्यात अजून आहात. विषाणूंची संख्या मोजणारी डीएनए चाचणी, ई-अँटिजेन, पोटाची सोनोग्राफी आणि जमल्यास फायब्रोस्कॅन एवढं करा. फायब्रोस्कॅनमध्ये ७ किलोपास्कलच्या वर चट्टे धरतात, १२.५ च्या वर सिरॉसिस. राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे. त्याखाली बी आणि सी च्या तपासण्या आणि गोळ्या सरकारी उपचार केंद्रात फुकट मिळतात. सिव्हिलला चौकशी करा. आणि पुढच्या वेळी कुठेही रक्त दिलंत तर ‘माझ्या प्लेटलेट ईडीटीएत चिकटतात’ हे चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर एखाद्या परदेशी बंदरात हेच नाटक परत होईल.

आणखी एक खोच आहे. तुमच्या लॅबची एसजीओटीची वरची मर्यादा ४०. दुसऱ्या लॅबची ३५ असेल तर त्याच रक्ताचं एप्री ०.७१ होतं. लिव्हर तेच, लॅब बदलली. म्हणून दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासा आणि जुने रिपोर्ट फेकू नका. माझा अनुभव असा की पाच वर्षांत २.४ लाखांवरून १.६ लाखांवर आलेली प्लेटलेट हे अजून ‘नॉर्मल’ छापलं जात असताना लिव्हरने धाडलेलं इशाऱ्याचं पत्र असतं. एकाच दिवसाचा आकडा एवढं बोलत नाही.

एनएलआरचं काय, हे राहिलं. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, निरोगी माणसात साधारण १ ते ३. लिव्हरमधल्या जुन्या, संथ चट्ट्यांबद्दल हे गुणोत्तर भरवशाचं बोलत नाही. कुठल्या अभ्यासात चट्ट्यांबरोबर ते वाढलेलं दिसतं, कुठे उतरलेलं. तेव्हा ते २.१ आहे म्हणून खूश होऊ नका. ते कधी बोलतं, ते पुढच्या पत्रात येतंय.

प्रश्न : माझे यजमान, वय ४६. लावणीचे दहा-बारा दिवस चिखलात होते. नंतर थंडी वाजून ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, आधी डोळे लाल झाले, आता पिवळे. गावात काविळीचं औषध देतात ते घेतलं. रिपोर्ट : पांढऱ्या पेशी १४,६००, न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ९ टक्के, एनएलआर ९.३, प्लेटलेट ६२ हजार, बिलिरुबिन ११.४, एसजीओटी १४६, एसजीपीटी १२८, क्रिएटिनिन २.१. विरारचा मुलगा फोनवर म्हणाला की काविळीत एनएलआर इतकं वाढलं म्हणजे लिव्हर निकामी होतंय. खरं का?
(एक भगिनी, देवगड तालुका)

उत्तर : हे पत्र मी अंक निघेपर्यंत ठेवलं नाही. फोटो उघडला त्याच दुपारी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, ‘तेका काविळीचा औषद दिलेला आसा, दोन दिसांत उतारतली.’ मी एकच विचारलं, लघवी किती होते? कालपासून एकदाच, तीही चहासारखी. संध्याकाळपर्यंत त्यांना मोठ्या रुग्णालयात पोचवलं. लेप्टोस्पायरोसिस निघाला. तीनदा डायलिसिस लागलं. आता घरी आहेत आणि हे छापायला दोघांची परवानगी आहे.

मुलावर रागावू नका. त्याने वाचलेलं खरं आहे, फक्त ते वडिलांना लागू नव्हतं.

विषाणूच्या काविळीत बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं द्रव्य) ११ झालेलं असताना एसजीपीटी सहसा कित्येक शेकड्यांत, बरेचदा हजारांत असतं. इथे १२८. पांढऱ्या पेशी त्या काविळीत बहुधा नेहमीएवढ्या किंवा कमीच असतात आणि काचेवर लिम्फोसाइटचा भरणा दिसतो, त्यांतले काही चांगले ढोले, निळसर. म्हणजे एनएलआर वाढायच्या ऐवजी खाली येऊ शकतं. इथे न्यूट्रोफिलांची फौज उभी आहे, प्लेटलेट पडल्यात, किडनी कुरकुरतेय (क्रिएटिनिन २.१), पोटऱ्या धरल्यात. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या भेगांतून शिरणाऱ्या जंतूची ही चाल कोकणात आम्हाला पाठ आहे. कागदावर कावीळ दिसते, पण हा जंतू अँटिबायोटिकला बधतो आणि वेळ गेली तर किडनी किंवा फुप्फुसं घेऊन जातो.

गंमत म्हणून याच माणसाचं एप्री काढून बघा. १४६ भागिले ४०, गुणिले १००, भागिले ६२ : ५.९. सूत्राच्या मते पक्का सिरॉसिस! दहा दिवसांपूर्वी हा माणूस दिवसभर वाकून तरवा लावत होता. डेंग्यूतही तसंच. प्लेटलेट कोसळतात, एसजीओटी चढतं आणि सूत्र हाकाटी करतं. एप्री आणि फिब-फोर ही जुनाट, थंड आजारासाठी बनवलेली मापं आहेत. अंगात ताप असताना ती काढूच नयेत. ताप जाऊन महिना-दीड महिना झाला की मग काढा.

आता एनएलआर खरं कधी बोलतं? ज्याला आधीपासून हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस आहे आणि अचानक कावीळ वाढली, पोटात पाणी झालं, झोप उलटीसुलटी झाली, त्याच्यात. तिथे ते वर चढत गेलं तर लक्षण वाईट, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. कारण समजण्यासारखं आहे. लिव्हर हे आतड्यातून येणाऱ्या जंतूंचं चेकनाकं आहे. नाकं ढिलं पडलं की जंतू आत शिरतात, हाडातल्या मगजातून न्यूट्रोफिल घाईने बाहेर पडतात. त्याच वेळी अंगावरच्या ताणाने कॉर्टिसोल वाढतं आणि लिम्फोसाइट घटतात. वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, भागाकार दुपटी-तिपटीने फुगतो. मात्र धोक्याची रेषा कुठली, ४ की ६ की आणखी काही, यावर एकमत नाही. प्रत्येक अभ्यासात वेगळी. म्हणून डॉक्टर आधी बघतात ते पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि माणूस नीट बोलतोय का. रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हरच बनवतं, त्यामुळे आयएनआर वाढलं म्हणजे कारखानाच बंद पडत चाललाय. एसजीपीटी हजारांवरून झपाट्याने उतरतंय, बिलिरुबिन आणि आयएनआर मात्र चढतायत, असं झालं तर ‘सुधारणा आहे’ म्हणून पेढे वाटू नका. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मी हे दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा घरचे खुशीत होते.

रिपोर्टाआधी घेतलेली इंजेक्शनंही आठवा. ताप, अंगदुखी पटकन उतरावी म्हणून काही ठिकाणी डेक्सा टोचतात. स्टेरॉइड दिलं की काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि निरोगी माणसाचं एनएलआरही वर उडी मारतं. ‘काय टोचलं?’ हे विचारल्याशिवाय मी पांढऱ्या पेशींवर मत देत नाही. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ताकदीचा होता.’

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. शेजारच्या वाडीत गणपतीआधीपासून पाच जणांना कावीळ झाली. सून बरी आहे, पण नेहमीच्या तपासणीत तिचं एनएलआर ५ आलं आणि प्लेटलेट १.४ लाख. ही काविळीची सुरुवात तर नाही ना?
(एक आजी, राजापूर तालुका)

उत्तर : नाही. गरोदरपणात न्यूट्रोफिल नैसर्गिकपणेच वाढतात आणि शेवटच्या महिन्यांत प्लेटलेट थोड्या उतरतात. तिच्या रक्तावर ही गुणोत्तरं लावायचीच नाहीत. लहान मुलांचंही तसंच आहे, उलट्या बाजूने : चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइटच जास्त असतात, त्यामुळे नातवाचं एनएलआर १ च्या खाली आलं तर घाबरू नका.

आजी, तुम्ही सुनेचा रिपोर्ट बघताय, मला तुमची विहीर दिसतेय. पावसाळ्यात एका वाडीत पाच जणांना कावीळ म्हणजे बहुधा पाण्यातून येणारा हिपॅटायटिस, ए किंवा ई. मोठ्या माणसांत आपल्याकडे ई जास्त. तो बहुतेकांना तीन-चार आठवड्यांत सोडतो, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत धरला तर शंभरात वीस-पंचवीसपर्यंत बायका दगावल्याच्या नोंदी आहेत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळला आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, त्यातही गरोदर बायकांचे हाल जास्त झाले. ती साथ ए ची असंच कित्येक वर्षं धरलं होतं. जपून ठेवलेलं रक्त पुढे तपासलं तेव्हा ई निघाला.

आपला जांभा दगड सच्छिद्र. पावसात वरच्या अंगाच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत विहिरीला मिळायला वेळ लागत नाही आणि पाणी दिसतं अगदी स्वच्छ. ग्रामपंचायतीला सांगून विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या, पीएचसीला पाच रुग्णांची खबर द्या. लागण होऊन कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात, तेव्हा दोन महिने तरी सुनेला खळखळ उकळलेलं पाणीच द्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी बाटलीतलं पाणी प्यायलं आणि सुनेने विहिरीचं, असं मी बघितलंय, म्हणून मुद्दाम लिहिते. तिची लघवी गडद झाली, उलट्या सुरू झाल्या, अन्नाचा वास नकोसा झाला, तर विसर्जनाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. पीटी-आयएनआर करायला सांगा. सीबीसीवर अडून राहू नका.

प्रश्न : सिरॉसिसमुळे वडिलांच्या प्लेटलेट ५८ हजार. पपईच्या पानांचा रस आणि भुईआवळी सुरू केली तर वाढतील का?
(एक वाचक, दापोली)

उत्तर : त्यांच्या प्लेटलेट पानथरीत अडकल्यात. पपई त्यांना तिथून कशी सोडवणार? डेंग्यूत पानाच्या रसाने आकडा थोडा लवकर वर येतो असं काही चाचण्यांत दिसलंय, पण डेंग्यूत त्या तशाही चार दिवसांत वर येतातच. आणि समजा ५८ च्या ८० हजार झाल्या, सूत्रातलं एप्री सुधारलं, तरी लिव्हरमधला एक चट्टा कमी झालेला नसेल. बंदरावरची पट्टी वर सरकवून भरती कमी होत नाही.

भुईआवळीची गोष्ट जरा वेगळी. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की तिच्या जातीच्या वनस्पतीने अनेकांच्या रक्तातलं हिपॅटायटिस बी चं अँटिजेन नाहीसं झालं. जगभर धावपळ झाली. नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. आज एंटेकाव्हिर आणि टेनोफोव्हिर आहेत, रोज एक गोळी. वडिलांचा आजार बी चा आहे की सी चा हे तुम्ही लिहिलंच नाही. सी असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या अंगातून विषाणू जातो. सिरॉसिस असला तर कधी सहा महिने लागतात. आधी ते शोधा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. गाठ आहे की नाही, शिरा फुगल्यात की नाही, हे ५८ हजार सांगत नाहीत.

प्रश्न : मी एका लहान लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमचे मालक म्हणतात, मशीन देतं ती सगळी गुणोत्तरं रिपोर्टात छाप, पेशंटना भरगच्च रिपोर्ट आवडतो. आता आरडीडब्ल्यू भागिले प्लेटलेट पण आलंय. छापावं का? मॅडम, तुमच्या वेळी हे कसं करायचे?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आमच्या वेळी गुणोत्तर छापायची कुणाची हिंमत नव्हती, आणि त्याचं कारण तुला काचेवर कळेल. लीशमनच्या रंगाने रंगवलेली काच, डाव्या हाताखाली खटक्यांचं काउंटर, आणि शंभर पेशी मोजायच्या. समज, ६० न्यूट्रोफिल आणि ३० लिम्फोसाइट आले. एनएलआर २. त्याच काचेवर दुसऱ्या जागी पुन्हा शंभर मोजल्या तर लिम्फोसाइट २१ पासून ४० पर्यंत काहीही येऊ शकतात, चूक कुणाचीही नसताना. २२ आले आणि न्यूट्रोफिल ६८, तर एनएलआर ३.१. ३९ आणि ५१ आले तर १.३. तेच रक्त, तीच बाई मोजणारी, आणि एकीकडे ‘उत्तम’, दुसरीकडे ‘काळजी’. तुझं मशीन हजारो पेशी मोजतं म्हणून त्याचं गुणोत्तर स्थिर येतं. पण मशीनने शंका दाखवली आणि तू हाताने मोजलंस, तर त्या दिवशी मशीनचं गुणोत्तर खोड. मोजणी हाताची आणि भागाकार मशीनचा असा रिपोर्ट मी मागच्याच महिन्यात पाहिला. दोन्ही आकडे एकाच पानावर, एकमेकांशी भांडत.

आरडीडब्ल्यू (तांबड्या पेशींच्या आकारांत किती फरक आहे ते माप) भागिले प्लेटलेट हे चीनमधल्या डॉक्टरांनी २०१३ च्या सुमारास हिपॅटायटिस बी च्या रोग्यांवर वापरून दाखवलं. तांबड्या पेशी लहानमोठ्या होत जातात म्हणून वरचा आकडा वाढतो, प्लेटलेट घटतात म्हणून खालचा कमी होतो. कल्पना चांगली. पण तुझ्या काउंटरवर येणाऱ्या बायकांपैकी किती जणींचं हिमोग्लोबिन ९ असतं? लोह कमी असलं की आरडीडब्ल्यू वाढतंच, लिव्हर ठणठणीत असलं तरी. त्यांच्यात प्लेटलेटही बरेचदा वाढलेल्या असतात, मग भागाकार कुठेही जातो. ज्याला हिपॅटायटिस आहे हे ठरलेलंच नाही, त्याच्या रिपोर्टात हे छापणं म्हणजे विनाकारण झोप उडवणं.

मालकांना माझं नाव सांगून सांग : डॉक्टरने मागितलं असेल तरच गुणोत्तर छापायचं, आणि त्याच्याशेजारी दोन्ही मूळ आकडे, टक्क्यांत नव्हे तर प्रत्यक्ष संख्येत. एनएलआर ६ आहे ते न्यूट्रोफिल वाढल्यामुळे की लिम्फोसाइट आटल्यामुळे, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. दोन्हींचे अर्थ वेगळे. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आल्या की काच बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडू नकोस, पेशंट दारात एस.टी.ची वेळ बघत उभा असला तरी. ‘क्लम्प्स?’ असं आलं तर ते तळाशी बारीक अक्षरांत ठेवू नकोस. प्लेटलेटच्या ओळीतच, ठळक लिही. वेंगुर्ल्याच्या त्या पत्रलेखकाने तीन आठवडे घरी तोंड उघडलं नव्हतं.

आणि रक्त घेतल्यावर जांभळ्या टोपीची नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करतोस ना? हलवायची नाही, उलटायची. मी शिकवलेल्या पोरांपैकी निम्मे तिथेच घाई करतात.